सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का?

मैत्रिणींनो, आज एक प्रश्न विचारते. उत्तर मोठ्यानं द्यायला नको, मनातल्या मनात दिलंत तरी चालेल. तुमच्या घरची शेतजमीन असेल, मग ती दहा गुंठे का असेना, तर तिच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत हे तुम्हाला सांगता येईल?

मला येत नव्हतं. मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी. रेशनकार्डाचा नंबर, गॅसचा नंबर, मुलांच्या लसींच्या तारखा, भिशीचे हप्ते, सगळं तोंडपाठ. पण ज्या अडीच एकरावर आमचं घर चालतं, त्याचा कागद लग्नाला आठ वर्षं होऊन गेली तरी मी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो पाहायची वेळ आली ती कोरोनामुळे.

तुम्ही म्हणाल, आम्ही गावठाणात नाही, शहरात राहणाऱ्या. नवऱ्याची नोकरी आहे, आमचा सातबाऱ्याशी काय संबंध? पण जरा आठवून पाहा. सासरची नाही तर माहेरची, कुठंतरी एखादी पट्टी असतेच. वर्षाला तांदळाचं पोतं येतं, शेंगा येतात, काकवीचा डबा येतो. माल घरात येतो, पण नाव कागदावर येत नाही. म्हणून ही हकीकत तुमच्यासाठीही आहे.

ते एप्रिलचे दिवस

आमचं मुरगूड म्हणजे कागल तालुक्यातलं वेदगंगेकाठचं गाव. नगरपालिका आहे, बाजारपेठ आहे, पण दर दुसऱ्या घराला रान आहे आणि दारात म्हैस आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरानं ऊस झोपवला होता. त्यातून सावरत होतो, तोच २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी सुरू झाली.

आमच्या रानात तेव्हा अर्धा एकर वांगी होती. एरवी आमचा भाजीपाला निपाणीला जायचा. आमच्या दृष्टीनं निपाणी म्हणजे शेजारचं गाव, पण सरकारच्या दृष्टीनं ते कर्नाटक. राज्याच्या हद्दी बंद झाल्या आणि वांगी झाडाला पिकून पिवळी पडायला लागली. गल्लीत फुकट वाटली, उरलेली म्हशीपुढं टाकली. ह्यांचं विहिरीच्या मोटारी भरून द्यायचं छोटं दुकान आहे, ते पहिले काही आठवडे बंद. मी ज्या शाळेत शिकवते तिथं तास नाही तर मानधन नाही, त्यामुळे माझेही पैसे थांबले. घरात रोकड यायची ती फक्त डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलाची.

दुधाचीही गत सरळ नव्हती. हॉटेलं बंद, मिठाईची दुकानं बंद, लग्नकार्यं बंद, मग एवढं दूध जाणार कुठं? तेव्हा राज्य सरकारनं रोज दहा लाख लिटरपर्यंतचं जादा दूध लिटरला २५ रुपयांनी घेऊन त्याची पावडर करायची योजना आणली. तरीही दर सावरेनात. म्हणून जुलै २०२० मध्ये, लिटरमागं पाच रुपयांचं अनुदान थेट उत्पादकाच्या खात्यात द्या अशी मागणी करत दूध आंदोलनही झालं. ‘उत्पादकाच्या खात्यात’ हे शब्द लक्षात ठेवा बरं का, त्याकडं मी पुन्हा येणार आहे.

२६ मार्चला केंद्र सरकारनं गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं होतं. शेतकऱ्याच्या खात्यावर पीएम किसानचे दोन हजार रुपये एप्रिलमध्येच येणार होते. देशात सुमारे ८.७ कोटी शेतकऱ्यांना ते मिळणार होते. एप्रिल उजाडला आणि संध्याकाळच्या वेळी गल्लीत एकेकाचा मोबाइल वाजायला लागला. पलीकडच्या काकू कट्ट्यावरून ओरडून सांगायच्या, “आमचं आलं बघा!” कुणी म्हणायचं, चला, खताची सोय झाली. तुम्हाला दोन हजार म्हणजे काय वाटेल कुणास ठाऊक, पण त्या दिवसांत डीएपीचं एक पोतं आणि युरियाची दोन-तीन पोती त्यात बसायची. म्हणजे खरिपाची सुरुवात व्हायची.

आमचा मोबाइल काही वाजला नाही. हे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “आपले यायचे नाहीत. रान अजून अण्णांच्याच नावावर आहे.”

अण्णा म्हणजे माझे सासरे. ते २०१७ सालीच गेले होते.

‘बघू नंतर’ची किंमत

दिवसकार्य झालं, वर्षश्राद्ध झालं, पण वारसाची नोंद काही झाली नव्हती. कुणी मुद्दाम टाळलं असंही नाही. हे म्हणायचे, थोरले दीर बघतील. दीर म्हणायचे, एकदा ननंदबाईंना बोलावून सगळं मिटवू. असं ‘बघू नंतर’ करत तीन वर्षं गेली. रानात राबणारे आम्ही सगळे हयात, आणि कागदावरचा शेतकरी मात्र स्वर्गवासी. सरकार पैसे पाठवणार तरी कुणाला?

पीएम किसानचा नियम मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. २०१९ च्या फेब्रुवारीत ही योजना सुरू झाली. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. जमीन कसतो कोण हे त्यात बघत नाहीत, जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघतात. त्यामुळे दुसऱ्याचं रान वाट्यानं किंवा खंडानं करणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब धरतात आणि एका कुटुंबाला एकच लाभ. आता तुम्हीच सांगा, सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं असेल तर तो लाभ कुणाच्या खात्यावर जमा होणार?

मी हे सगळं आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना वाचून दाखवत होते. त्यांचं वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं. पन्नास वर्षं त्यांनी त्या रानात भांगलण केली, भाताची रोपं लावली, डोक्यावरून वैरण वाहिली. त्या ऐकून म्हणाल्या, “आगं, पर मीबी अण्णांची वारसच न्हवं? मग माजंबी नाव लागंल का?”

मी क्षणभर गप्पच झाले. मैत्रिणींनो, इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कुणाच्या तोंडून आला नव्हता, माझ्यासुद्धा.

चूल आपल्या नावावर, रान त्यांच्या

त्याच आठवड्यात आत्याबाईंना वेगळे पाचशे रुपये आले. जनधन खातं असलेल्या बायकांना एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने दरमहा पाचशे रुपये केंद्रानं दिले. देशात वीस कोटींहून जास्त बायकांना ते मिळाले. बँकेत गर्दी नको म्हणून खात्याच्या शेवटच्या आकड्यावरून तारखा ठरवल्या होत्या. शून्य-एकची ३ एप्रिल, दोन-तीनची ४ एप्रिल, चार-पाचची ७ एप्रिल, असं ९ तारखेपर्यंत. आत्याबाईंच्या खात्याचा शेवटचा आकडा पाच. आम्ही दोघी पदर आणि ओढणी तोंडाला बांधून खडूच्या गोलात उभ्या राहिलो. माझं खातं साधं बचत खातं असल्यामुळे मला काही नव्हतं.

त्या रांगेत उभ्या-उभ्या माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. पाहा, तुम्हाला पटते का.

त्या दिवसांत सरकारकडून घरात काय काय आलं? माणशी पाच किलो मोफत धान्य आलं. अन्नसुरक्षा कायद्यानं २०१३ पासून रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या मोठ्या बाईचं नाव असतं. उज्ज्वला योजनेतल्या घरांना तीन मोफत सिलिंडर मिळाले, तेही कनेक्शन बाईच्याच नावावर. जनधनचे पाचशे बाईच्या खात्यावर. म्हणजे चुलीशी संबंध असलेली मदत बाईच्या नावानं आली, आणि रानाशी संबंध असलेली मदत पुरुषाच्या नावानं. सरकारनं काही हे वाटप त्या महिन्यात ठरवलं नव्हतं. आपल्या घरातले कागद जसे होते तशी मदत आली. चूल आपल्या नावावर आहे, रान त्यांच्या नावावर आहे, एवढंच त्या मदतीनं दाखवून दिलं.

आणखी एक गंमत सांगते. शेतकऱ्यांचे ते दोन हजार वेगळे असे नव्हतेच. वर्षाच्या सहा हजारांतला जो हप्ता एप्रिल ते जुलैच्या दरम्यान यायचा होता, तोच त्यांनी एप्रिलच्या सुरुवातीला दिला. वेळेवर आला, उपयोगी पडला, हे खरंच. पण नवी भर नव्हती. बायकांचे पाचशे मात्र खरोखरच नव्यानं दिलेले होते, तीन महिन्यांचे मिळून दीड हजार. दीड हजारांत काय होतं, हे तेल आणि डाळ आणणाऱ्या बाईला विचारा.

परदेशात काय झालं, तेही वाचनात आलं. अमेरिकेनं एप्रिल २०२० मध्ये शेतकऱ्यांसाठी जी योजना जाहीर केली, तिच्यात १६ अब्ज डॉलर थेट मदतीला होते. तिथं मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या संख्येवर, विकलेल्या आणि शिल्लक राहिलेल्या मालावर, दुधाच्या बाबतीत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत किती दूध निघालं त्यावर पैसे ठरत होते. एका माणसाला अडीच लाख डॉलरपर्यंत मर्यादा होती. आपली दोन हजारांची आणि त्यांची ही रक्कम यांची तुलना करायला मी बसले नाही. मला वाटलं ते वेगळंच. आपल्याकडं दुधाच्या लिटरवर मदत द्यायची ठरवली असती तर? धार काढणारी, वैरण कापणारी, शेण काढणारी, पहाटे किटली घेऊन डेअरीवर जाणारी बाई. पण डेअरीच्या पासबुकावर नाव कुणाचं? ‘उत्पादकाच्या खात्यात’ म्हटलं तरी उत्पादक कोण, हे शेवटी पासबुकच सांगणार. आपल्या जिल्ह्यात नुसत्या बायकांच्या दूध संस्थाही आहेत, हे त्यातल्या त्यात समाधान.

घरातला एक कठीण महिना

पावसाळ्यात कचेऱ्या जराशा सुरळीत झाल्या, तेव्हा दोघे भाऊ वारसनोंदीच्या उद्योगाला लागले. वारस चार होते. आत्याबाई, दोघे भाऊ आणि वन्सं. थोरल्या दिरांनी सुचवलं, नोंद चौघांची होऊ दे, पण लगेच आई आणि बहिणीचं हक्कसोडपत्र करून घेऊ, म्हणजे पुढं कटकट नको. आमच्याकडं हे इतकं सर्रास चालतं, की त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. बहिणीला एक साडी, जेवण, आणि नोंदणीच्या कचेरीत सही.

तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? माझ्याही मनात तेच आलं होतं. अडीच एकराचे चार वाटे झाले तर आमच्या वाट्याला किती गुंठे उरतील, याचा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर केला होता. आपल्या माहेरी आपल्यावर अन्याय झाला म्हणून हळहळणारी मी, सासरी ननंदेच्या बाबतीत कागदावर गुंठे मोजत बसले होते. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. कारण तुमच्यातल्या काहीजणींनी हा हिशोब केलेला असणार.

त्याच सुमाराला, ११ ऑगस्ट २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानंच मुलाइतका हक्क आहे, आणि २००५ सालची कायद्याची दुरुस्ती झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. खरं तर आपल्या महाराष्ट्रानं अविवाहित मुलींना असा हक्क १९९४ सालीच दिला होता. नंतर २००५ मध्ये तो देशभर, लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. मी ती बातमी जेवताना मोठ्यानं वाचली. कुणी काही बोललं नाही. ताटातल्या ताकाचा घोट घेऊन आत्याबाईच म्हणाल्या, “माज्या लेकीचं नाव काडणार असशीला, तर माजंबी काडा. दोघींचंबी ऱ्हावू नगा.”

वन्सं आल्या तेव्हा त्याही एवढंच बोलल्या, “मला पिकातलं काही नको दादा. पण अण्णांच्या रानात माझं नाव राहू दे.” चारही नावं लागली. हक्कसोडपत्र झालं नाही. थोरले दीर रागावले, त्या वर्षी भाऊबीजेला गेले नाहीत. पुढच्या वर्षी गेले. अजूनही कधीमधी टोमणा येतो. नाव लावलं की सगळं गोड होतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण वन्सं आता माहेरी आल्या की रानात जातात, बांधावर उभ्या राहून ऊस बघतात, आणि तो त्यांचाही असतो.

कागद नसेल तर काय होतं

दुसरी गोष्ट आमच्या गल्लीतली. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, एका घरचा कर्ता पुरुष गेला. बायको पस्तिशीची, दोन मुलं. रान त्याच्या नावावर, सेवा सोसायटीचं पीककर्ज त्याच्या नावावर, डेअरीचं पासबुक त्याच्या नावावर, आणि ते पैसे जमा होणारं खातंही त्याच्या एकट्याचं. तेरावा होईपर्यंत तिच्या लक्षातच आलं नाही, की तिच्याच म्हशीच्या दुधाचे पैसे तिला काढता येत नाहीत. कारण कळायला तिला चार खेटे घालावे लागले. त्यात जुलैमध्ये पुन्हा पूर.

कोविडमध्ये गेलेल्या माणसाच्या वारसाला पन्नास हजार रुपयांची मदत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ च्या अखेरीला सुरू झाली. ती तिला मिळाली, कारण मृत्यूचा दाखला आणि तपासणीचा कागद तिनं जपून ठेवला होता.

दुसरे पैसे आले ते सोसायटीमुळे. आठवतं का, मार्च २०२० च्या राज्याच्या अर्थसंकल्पात एक घोषणा झाली होती? महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत थकबाकीदारांचं दोन लाखांपर्यंतचं कर्ज माफ झालं. मग जे वेळच्या वेळी फेडतात त्यांचं काय? त्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम द्यायचं ठरलं. आपल्या कोल्हापूरला ही घोषणा फार जिव्हाळ्याची, कारण कर्ज वेळेवर फेडणं ही इथल्या शेतकऱ्याची सवय. पण लगोलग कोरोना आला, सरकारची तिजोरी आटली, आणि ते पैसे अडीच वर्षं लांबले. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांपैकी कोणतीही दोन वर्षं वेळेत परतफेड केलेल्यांना ऑक्टोबर २०२२ पासून ते मिळायला लागले. फेड करून गेलेल्या शेतकऱ्याच्या वारसालाही ते द्यायचं ठरलं होतं. तोवर हिनं वारसनोंद पुरी केली होती, सोसायटीत स्वतःचं नाव लावून घेतलं होतं. म्हणून नवऱ्यानं वेळेवर फेडलेल्या कर्जाचं फळ तिच्या पदरात पडलं. नाहीतर यादीत नवऱ्याचं नाव, आणि हातात काही नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो देशभर गाजला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. फार चांगलं झालं. पण मला वाटतं, कपाळावरच्या कुंकवाइतकीच त्या बाईच्या सातबाऱ्याची काळजी गावानं घ्यायला हवी.

नवरा हयात असताना

आता तुम्ही विचाराल, सासूबाईंचं झालं, ननंदेचं झालं, शेजारणीचं झालं. तुमचं स्वतःचं काय?

बरोबर आहे. वारस म्हणून नाव लागायला कुणीतरी जावं लागतं. तोवर सून आणि बायको म्हणून आपण कागदाबाहेरच. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदार खातेदारांत बायका अवघ्या १४ टक्क्यांच्या आसपास होत्या, त्याचं कारण हेच.

यावर आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी विचार झालेला आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. घरच्या लक्ष्मीच्या नावावर नवऱ्यानं राजीखुशीनं जमीन करून द्यायची. तिचाच परिणाम म्हणून सरकारनं १९९२ साली परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज केला तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. आजही एखाद्या कचेरीत “असं काही नसतं” असं उत्तर मिळतं. मिळालं तर नमून परत येऊ नका. परिपत्रकाची प्रत जोडून अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

ह्यांच्यापाशी मी विषय काढला तेव्हा पहिलं उत्तर ठरलेलंच आलं, “का? माझ्यावर विश्वास नाही?” मी म्हटलं, “विश्वास आहे म्हणूनच तुमच्या हयातीत मागते.” त्यावर हसले, आणि नंतर सहा महिने विषय पुढं सरकला नाही. मीही भांडले नाही, सोडूनही दिलं नाही. रविवारी चहाबरोबर आठवण करत राहिले. चौघांचे वाटे कागदावर वेगळे झाल्यावर ह्यांनी स्वतः अर्ज लिहिला. आज आमच्या वाट्याच्या सातबाऱ्यावर दोन नावं आहेत. त्यामुळे आमच्या संसारात काय बदललं? भांडणं तेवढीच आहेत. पण यंदा लागण कोणत्या जातीच्या उसाची करायची, हे विचारताना हे माझ्याकडंही बघतात.

एवढं जरूर करा

१. सासरच्या आणि माहेरच्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अचा उतारा काढून बघा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत मिळतो. गट नंबर वहीत लिहून ठेवा.

२. घरात कुणी गेलं तर तीन महिन्यांच्या आत वारसनोंदीचा अर्ज द्या. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते, आधार, सातबारा आणि आठ-अ लागतात. अर्ज तलाठ्याकडं द्यायचा, म्हणजे हल्लीच्या नावानं ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं. नोटीस निघते, तिची मुदत पंधरा दिवसांची असते, त्यानंतर नोंद मंजूर होते. फेरफाराची नक्कल घरी ठेवा. आई, बहीण, मुलगी यांची नावं वगळलेली नाहीत ना, हे स्वतः वाचून बघा.

३. हक्कसोडपत्रावर सही किंवा अंगठा देण्याआधी घरी आणून वाचा, एक रात्र जाऊ द्या. ते एकदा नोंदवलं की परत फिरवणं कठीण. हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडा, पण काय सोडतो आहोत ते कळून.

४. स्वतःच्या नावाचं, आधार जोडलेलं बँक खातं ठेवा, आणि त्याला नंबर स्वतःच्या मोबाइलचा द्या. पीएम किसानला आता ई-केवायसी लागतं. आपल्या राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही मागतात. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे वर्षाचे सहा हजार २०२३ पासून सुरू झाले, तेही पीएम किसानच्या पात्रतेवरच.

५. ज्या घरात आयकर भरला जातो, सरकारी नोकरी आहे (शिपाई वगैरे चतुर्थ श्रेणी सोडून) किंवा दहा हजारांवर पेन्शन आहे, त्यांनी पीएम किसानचे पैसे घेऊ नयेत. कोरोनाच्या काळातच अशा कित्येकांना परतफेडीच्या नोटिसा आल्या. फुकटची धावपळ आणि नामुष्की.

६. म्हैस तुम्ही सांभाळत असाल तर डेअरीचं सभासदत्व आणि पासबुक तुमच्या नावावर करून घ्या. निदान बँकेचं खातं तरी दोघांचं असू द्या.

राहता राहिली आत्याबाईंची गोष्ट. मागचे हप्ते मिळाले नाहीत, ते गेले ते गेलेच. पण नाव लागल्यावर त्यांचा अर्ज मंजूर झाला, आणि २०२१ मध्ये एके दुपारी त्यांच्या नावाचे दोन हजार आल्याचा मेसेज मी वाचून दाखवला. त्यांनी तो मला पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी इरकली नेसून माझ्याबरोबर बँकेत आल्या, पैसे मोजून घेतले आणि म्हणाल्या, “चल, खताच्या दुकानात.”

खत घ्यायला आता आधारचा नंबर सांगून मशीनवर अंगठा द्यावा लागतो. आजवर दर हंगामात तो ह्यांनी दिला. त्या दिवशी मी पुढं झाले, तर त्यांनी मला हातानं मागं सारलं. खुरप्यानं घट्टे पडलेला अंगठा, पहिल्यांदा मशीननं घेतला नाही, दुसऱ्यांदाही नाही. पदरानं नीट पुसून त्यांनी तिसऱ्यांदा टेकवला, तेव्हा लागला.

दुकानदारानं सवयीनं विचारलं, “पावती कुणाच्या नावानं करू, मावशी? मालकांच्या?”

“का रं?” आत्याबाई म्हणाल्या, “रान माजं हाय. माज्या नावानं कर.”